यादीत नाव लागलं की

३ फेब्रुवारी १८३२ रोजी उमाजी नाईकांना पुण्यात फाशी झाली. उमाजी रामोशी, आणि रामोशी म्हणजे गावचे नि गडांचे राखणदार. रात्री गस्त घालायची, चोरी झाली की चोराचा माग काढायचा, आणि त्या बदल्यात वतन-इनाम, खळ्यावरचा धान्याचा वाटा घ्यायचा, अशी त्यांची व्यवस्था होती. १८१८मध्ये पेशवाई बुडाली, गडांवरची शिबंदी मोडली, वतनांना कात्री लागली. पुरंदरच्या मुलखात उमाजींचं बंड उभं राहिलं ते या पोटावरच्या मारातून. ते मोडलं, पण रामोशी या नावाला चिकटलेला संशय गेला नाही. ज्यांच्या भरवशावर गाव झोपत होतं, त्यांच्याकडेच पोलीसपाटील डोळे वटारून पाहू लागला.

बंजाऱ्यांचं नशीब वेगळ्या वाटेनं त्याच जागी आलं. हजारो बैलांचे तांडे घेऊन ते मीठ आणि धान्य वाहत. मोगलांच्या, मराठ्यांच्या, पुढे इंग्रजांच्याही फौजांना रसद पुरवणारे हेच. १८५३मध्ये मुंबई-ठाणे गाडी धावली, दहा वर्षांत ती बोरघाट चढली, आणि तांड्याचं काम मालडब्यांनी उचललं. जंगल खात्यानं कुरणं आवळली. धंदा बसला, पण फिरणं लगेच कसं सुटणार? आता मात्र बिनकामाचं फिरणं सरकारच्या डोळ्यांत खुपू लागलं.

१८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं या संशयाला कलमांचा आधार दिला. वाद मांडला गेला तो साधा: या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, मग चोराचा मुलगा चोरच होणार. म्हणजे जातिव्यवस्थेचं जुनं गणित साहेबानं उचललं आणि ते शास्त्र म्हणून कायद्यात घातलं. एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर झाली की त्या घोषणेला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येत नव्हतं. नोंदणी, हजेरी, आणि गाव सोडायचं तर पास. याच कायद्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांचीही नोंदवही होती, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात नसते. सुरुवातीला हा कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. मुंबई इलाख्याला तो खऱ्या अर्थानं लागला १९११च्या सुधारणेनंतर.

सोलापुरात त्याचं रूप आजही जुन्या माणसांच्या बोलण्यात आहे: ‘सेटलमेंट’. तारेचं कुंपण घातलेली वसाहत. आत कैकाडी, पारधी, भामटे, कंजारभाट अशा कितीतरी जमातींची कुटुंबं. मुंबई सरकारनं देखरेखीला अमेरिकन मराठी मिशनला जोडून घेतलं होतं, आणि दिवसा ही माणसं गिरण्यांत कामाला जात. सोलापूरच्या गिरण्यांना हात हवे होते, सरकारला ही माणसं नजरेखाली हवी होती. दोघांचंही काम एकाच कुंपणानं भागलं. संध्याकाळी पुन्हा हजेरी. मुलांना आईबापांपासून वेगळं काढून शाळेत ठेवण्याची मुभाही कायद्यात होती. अशा वसाहतींचे प्रमुख अधिकारी स्टार्ट हे मनानं दुष्ट गृहस्थ नव्हते. १९२८मध्ये मुंबई सरकारनं अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीवर समिती नेमली, तिचे अध्यक्ष तेच होते आणि डॉ. आंबेडकर तिचे सदस्य होते. ‘सुधारायचं’ या शब्दावर स्टार्टसारख्यांचा मनापासून विश्वास असावा. पण सुधारायचं म्हणताना आतल्या माणसात काहीतरी बिघडलेलं आहे हे आधीच ठरून गेलेलं होतं, आणि तेही तान्ह्या मुलासकट.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून गेला. स्वातंत्र्याला पाच वर्षं उलटून गेली होती. त्यामुळे अनेक वस्त्यांवर आजही १५ ऑगस्टपेक्षा ३१ ऑगस्टचा ‘विमुक्त दिन’ जवळचा वाटतो. पाठोपाठ राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्यात १९५९मध्ये. कागदावर आता जमात नव्हती, व्यक्ती होती. ठाण्यातल्या सवयीला मात्र हा फरक फारसा समजला नाही: आसपास घरफोडी झाली की पहिली धाड पालांवर. त्याच १९५९मध्ये भीक प्रतिबंधक कायदाही झाला, आणि रस्त्यावर खेळ करून पैसे मागणंही भिकेत धरलं गेलं. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं पारध्याची पारधच बेकायदा ठरवली. वाघ-काळवीट वाचायलाच हवेत. पण फासेपारध्यानं त्याऐवजी काय करावं, याचं उत्तर त्या कायद्यात शोधून सापडत नाही.

मग या जमातींतल्याच माणसांनी हे शिक्के स्वतः हातात घेतले. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० साली आलं, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ १९८७ला. दोन्हींना साहित्य अकादमी मिळाली. लोक पाठीमागे ज्या नावानं बोट दाखवत, ते नाव गायकवाडांनी मुखपृष्ठावर छापलं, आणि मराठी मध्यमवर्गाला ते विकत घेऊन घरात ठेवावं लागलं. पुढे १९९८मध्ये पश्चिम बंगालमध्ये बुधन सबर या विमुक्त जमातीतल्या तरुणाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला, तेव्हा महाश्वेता देवी आणि गणेश देवी यांच्यासोबत अशा जमातींची देशभराची संघटना उभारायला गायकवाडही होते.

‘विमुक्त’ ही ओळख आता हक्काची आहे, पण तिच्यावरही जुन्या यादीची सावली आहे. महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत १४ नावं आहेत आणि त्यांना तीन टक्के आरक्षण. दाखला मिळवायचा तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांची पिढ्यानपिढ्यांची बिऱ्हाडं गाढवाच्या पाठीवर होती, त्यांच्याकडे त्या साली कुठल्या गावचा उतारा असणार? त्यात नकाशाही आडवा येतो. कैकाडी विदर्भात जवळपास सगळीकडे अनुसूचित जातीत, तर उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त. बंजारा तेलंगणात अनुसूचित जमात, कर्नाटकात अनुसूचित जात आणि महाराष्ट्रात विमुक्त. म्हणजे सीमेच्या दोन बाजूंना राहणाऱ्या सख्ख्या भावांच्या मुलांना नोकरीच्या अर्जात वेगवेगळे रकाने भरावे लागतात.