पाच वीस चौदा

गाडी कुठली घ्यावी याबद्दल आपल्याकडे प्रत्येकाला मत असते. ज्याने आयुष्यभर एस्टीनेच प्रवास केला, तोसुद्धा अ‍ॅव्हरेजवर तासभर बोलू शकतो. टायरबद्दल मात्र कोणालाच मत नसते. टायर काळा असतो, गोल असतो आणि पावसात पंक्चर होतो, इथे मध्यमवर्गाचे टायरज्ञान संपते. माझेही तिथेच संपले होते. पण आमच्या अण्णांनी आपल्या गाडीचे टायर बदलायचे काढले आणि मला त्या विषयाचा इतिहास-भूगोल दोन्ही करावा लागला.

अण्णा माझे मावसभाऊ. राहणार सोलापूर. गाडी १९६० सालची फियाट अकराशे, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. तिच्या गोलमटोल अंगलटीमुळे उभा महाराष्ट्र तिला 'डुक्कर फियाट' म्हणत आला. अण्णांसमोर मात्र कोणी तसे म्हणत नाही. अण्णा तिला स्पोर्ट्स कार म्हणतात. हे अगदीच हवेतले नाही हो! याच अकराशेची 'तुरिस्मो वेलोचे' नावाची एक चपळ बहीण इटलीत १९५३ साली निघाली होती, आणि १९५५ मध्ये तिच्यावरून दोन सीटची, टप काढता येणारी गाडीही झाली. मद्रासजवळ शोलावरमच्या युद्धकाळातल्या धावपट्टीवर शर्यती होत, तिथेही फियाटी पळायच्या. आता बहीण पळते म्हणून आपण पळतोच असे नाही. या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, आणि काटा साठावर गेला की चारी दारे टाळ्या वाजवतात. अण्णांना त्या टाळ्या प्रेक्षकांच्या वाटतात.

शिवाय ही गाडी सोलापूरची आहे, असे त्यांचे म्हणणे. तेही खोटे नाही. वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. सुरुवातीची ठेकेदारी बार्शी लाइट रेल्वेच्या कामावर. पुढे या गृहस्थांनी १९१९ मध्ये बोटी काढल्या, १९४० मध्ये बंगलोरला विमानांचा कारखाना काढला, मध्ये साखरही काढली. मोटारीचा कारखाना काढायचे तेव्हापासूनच डोक्यात होते, पण लढाई चालू असताना इंग्रज सरकारला ती कल्पना पसंत पडेना. तरी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली, आणि १९४७ मध्ये कुर्ल्याहून पहिली गाडी बाहेर पडली. वालचंद १९५३ साली गेले. अकराशे कुर्ल्याला तयार होऊ लागली ती १९५४ मध्ये. ज्याच्या गावातल्या गल्लीबोळांतून ती पुढे पन्नास वर्षे हॉर्न वाजवत फिरली, त्याने ती पाहिलीच नाही. अण्णा हे सांगताना दर वेळी बॉनेटवर हात ठेवतात.

टायरची गंमत तर याहून मोठी. फियाट या नावातला शेवटचा 'ट' म्हणजे तोरिनो, आपण ज्याला ट्यूरिन म्हणतो ते शहर. सिएट या नावातला शेवटचा 'ट'सुद्धा तोच! ती कंपनी १९२४ साली त्याच गावात विजेच्या तारा करायला निघाली होती, आणि १९५८ मध्ये तिने भांडुपला टायरचे बस्तान बसवले. म्हणजे एका गावची गाडी आणि त्याच गावचा टायर, दोघे हजारो मैलांवरून आले आणि मध्य रेल्वेवर चार स्टेशनांच्या अंतराने राहू लागले. इतके जुळलेले स्थळ आमच्या नात्यात तरी झाले नाही.

डनलपवाले त्याआधीच, १९३६ साली, बंगालात साहागंजला आले होते. मूळचा डनलप गुरांचा डॉक्टर. बेलफास्टला मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर फार दणके खाते म्हणून त्याने १८८८ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले. मग कळले की थॉमसन नावाच्या माणसाने तीच युक्ती १८४५ सालीच नोंदवून ठेवली होती. डनलपचे पेटंट गेले, नाव राहिले. तसेच 'स्टेपनी'चे. जादा चाकाला हा शब्द आपल्याकडे इतका मुरला आहे की कोणालाही तो अस्सल देशी वाटावा. वेल्समधल्या लनेथ्ली गावात स्टेपनी रस्ता आहे, तिथल्या दुकानात १९०४ च्या सुमारास हे जादा चाक निघाले. साहेबाच्या देशात आज कोणाला तो शब्द आठवत नाही. मोहोळच्या पंक्चरवाल्याला मात्र दुसरा शब्दच माहीत नाही.

हे सगळे ज्ञान घेऊन आम्ही टायरच्या दुकानात गेलो. अण्णांच्या वडिलांच्या काळी निवडीचा प्रश्नच नव्हता. गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबायचे, आणि टायर दुकानदार जो देईल तो देवाचा प्रसाद म्हणून घ्यायचा. चालून चालून गोटा झाला की रिमोल्ड करायचा. आता भिंतभर टायर, छतापर्यंत टायर. फक्त आपला नाही.

"मापाचं बोला साहेब," दुकानदार म्हणाले.

"पाच वीस चौदा," अण्णांनी आपले गोत्र सांगावे तसे सांगितले.

म्हणजे रुंदी ५.२० इंच, आत १४ इंचाची रिम. तेव्हाच्या टायरची उंची रुंदीइतकीच धरायची, म्हणून अख्खे चाक साधारण २४ इंचांचे. दुकानदारांनी १५५/६५ आर १४ दाखवला. रिम बरोबर, पण चाक २२ इंचांवर येते. गाडी बुटकी दिसणार ती दिसणारच, वर काटा साठ दाखवील तेव्हा खरा वेग पंचावन्न. दारांच्या टाळ्याही मग फुकटच्या. १६५/८० आर १४ ची उंची जवळजवळ तंतोतंत जुळली, पण रुंदीला सव्वा इंच जास्त. अरुंद रिमवर तो पोट सुटल्यासारखा दिसतो, आणि पूर्ण वळण घेताना मडगार्डला घासला तर?

शिवाय हे रेडियल. मिशेलिनने १९४६ साली त्याचे पेटंट घेतले, आपल्याकडे जे. के. ने १९७७ मध्ये आणला. जुन्या टायरमधले धागे खाटेच्या नवारीसारखे तिरपे, एकमेकांवरून गेलेले. रेडियलमधले धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ, आणि वरून पट्टा. यंत्रमागाच्या खडखडाटात उभे आयुष्य घालवलेल्या अण्णांना हे एका वाक्यात कळले. "म्हणजे वीण वेगळी," ते म्हणाले. आणि लगेच सोलापुरी हिशोब सुरू. "मग असं करू. पुढं दोन रेडियल टाकू, मागं जुनेच राहू दे."

दुकानदार पहिल्यांदाच खुर्चीतून उठले. "ते नाही करायचं अण्णा. पुढचा रस्ता धरून ठेवणार, मागचा सोडणार. पावसात वळणावर गाडी फुगडी घालेल. घ्यायचे तर चारी एकाच जातीचे घ्या." चार टायरचे गिऱ्हाईक मिळवायला असे बोलतात हे मला ठाऊक आहे, पण हे खरेच आहे.

तेव्हा अण्णांनी हुकमाचे पान काढले. डिकीतून गोणपाटात गुंडाळलेला एक डनलप बाहेर आला. १९८० च्या आसपास वडिलांनी टंचाईत कुठून तरी मिळवून माळ्यावर जपून ठेवलेला. नक्षी कोरीव, रबराचे केसही जागच्या जागी.

"याला तरी स्टेपनीत बसवा. कोरा आहे. रस्ता पाहिला नाही याने."

दुकानदारांनी तो गुडघ्यावर घेऊन वाकवला. बाजूला बारीक बारीक भेगा उघडल्या, मे महिन्यातल्या शेतासारख्या. "रस्ता नाही पाहिला, पण चाळीस उन्हाळे पाहिलेत. ते पण सोलापूरचे! रबर चाललं नाही तरी म्हातारं होतंच." मग त्यांनी नव्या टायरच्या बाजूवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. या टायरवर असे काही नव्हते. त्याची जन्मतारीख अण्णांच्या आठवणीतच होती. "नातवाला घेऊन तुळजापूरला जाता ना? डांबर तापलेलं, गाडीत पाच माणसं, आणि हा फुटला तर?"

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी टायर परत गोणपाटात गुंडाळला, पण फार सावकाश. वडिलांच्या अक्षरात त्याच्या आत खडूने लिहिलेला गाडीचा नंबर मला तेवढ्यात दिसला.

"पाच वीस चौदाच मागवा," शेवटी ते म्हणाले. "जुन्या विणीचे. पाच. आत ट्यूब तर लागेलच."

"मिळाले तर तीन आठवडे. नाहीतर जास्त. तोवर गाडी उभी ठेवा."

घरी पोहोचलो तेव्हा वहिनी दारातच होत्या. "झालं का काम?"

अण्णांचा चेहरा एकदम वडिलांच्या काळात गेल्यासारखा खुलला.

"नंबर लावलाय," ते म्हणाले.