संजाणचा अरब अधिकारी

मध्ययुगाचा इतिहास म्हटला कीं वेढे, लढाया आणि लुटालूट हींच चित्रें आपल्या डोळ्यांपुढें प्रथम उभीं राहतात. परंतु दूरदूरच्या समाजांस जोडणारें दुसरें एक सूत्र त्याच काळीं समुद्रावरून चाललें होतें, आणि त्याचें एक टोंक आपल्या कोंकणांत होतें.

दहाव्या शतकाच्या आरंभीं हा किनारा राष्ट्रकूटांच्या सत्तेखालीं होता. इ. स. ८५१ च्या अरबी वृत्तांतांत बगदादचा खलिफा आणि चीन व रूम येथील बादशहा यांच्या पंक्तीस ‘बल्हरा’ बसविलेला आहे. तो म्हणजे राष्ट्रकूटांचा वल्लभराज. ९१६ सालीं अल्-मसूदी चौलास आला, तेव्हां सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले आणि येथेंच जन्मलेले मिळून सुमारें १०,००० मुसलमान त्या भागांत राहत असल्याचें त्यानें नमूद केलें. मोसमी वाऱ्याबरोबर यावें आणि वारा फिरेपर्यंत थांबावें, असा दर्यावर्दी व्यापाराचा क्रम. थांबतां थांबतां कित्येकांचे संसार येथेंच थाटले गेले. त्यांच्यावर राजानें त्यांच्यापैकींच एक प्रमुख नेमिलेला असे.

याहून नवलाची हकीकत डहाणू तालुक्यांत चिंचणी येथें सांपडलेल्या शके ८४८ (इ. स. ९२६) च्या ताम्रपटांत आहे. राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण यानें संजाण मंडळाचा कारभार मधुमति नांवाच्या ताजिक, म्हणजे अरब वंशाच्या गृहस्थाकडे सोंपविला होता. मधुमति हें महंमद या नांवाचें संस्कृत रूप होय. त्यानें दोन प्रवाहांवर विनामूल्य नावा ठेविल्या आणि संजाणांत अन्नसत्र घातलें. तेथें साळीचा भात, कालवण व तूप फुकट मिळे. पुढें तिसऱ्या इंद्राच्या संमतीनें त्यानें एका ब्राह्मणानें स्थापिलेल्या देवीच्या मठिकेस भूमिदान केलें.

ही निव्वळ उदारता नव्हती, असें कोणी म्हणेल. खरें आहे. मान्यखेटची राजधानी समुद्रापासून दूर. बंदर सांभाळण्यास दर्या जाणणारा माणूस राजास हवा असावा, आणि परक्या अधिकाऱ्यासही रयतेची मर्जी हवी असावी. परंतु एवढ्यानें त्या दानाचें मोल कमी होत नाहीं. गरजेपोटीं जवळ आलेलीं माणसें परस्परांचें अन्न आणि देव यांचा मान राखूं लागलीं, याचा हा तांब्यावर कोरलेला पुरावा आहे. त्या शतकांच्या लढायांचा हिशेब मांडतांना या पत्र्याचीही नोंद आपण घेतली पाहिजे.