हयातीचा दाखला

एखादा मोबाईल किती लोकप्रिय आहे हे ठरवायचं कसं? सरळ उत्तर म्हणजे कंपनीने किती विकले ते बघायचं. नोकिया ३३१० सुमारे १२ कोटी ६० लाख विकला गेला, नोकिया ११०० सुमारे २५ कोटी. मोठा आकडा ज्याचा तो जिंकला, संपला विषय!

पण तुम्ही आमच्यासारखे आयटीवाले असाल तर हे उत्तर घशाखाली उतरत नाही. अ‍ॅप किती जणांनी डाउनलोड केलं आणि आज सकाळी किती जणांनी उघडलं, हे दोन वेगळे आकडे असतात हे आपण पहिल्याच प्रोजेक्टमध्ये शिकतो. फोनचंही तसंच. विक्रीचा आकडा ही झाली जन्माची नोंद. मृत्यूची नोंद कुणी करतच नाही. फोन पाण्यात पडतो, चोरीला जातो, कपाटाच्या खणात जुन्या किल्ल्यांबरोबर पडून राहतो, पण विकलेल्या फोनांच्या यादीतून तो काही कमी होत नाही.

आपल्याकडे पेन्शनवाल्या मंडळींना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. बाबा रे, मी अजून आहे. फोनच्या बाबतीत हा दाखला देतो तो चार्जर-बॅटरी विकणारा दुकानदार. मेलेल्या फोनला कुणी बॅटरी विकत घेत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की कुठले फोन जन्माला आले ते कंपनीला विचारा, पण कुठले जगतायत ते अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात विचारा.

आता थोडा इतिहास. भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन लावला. तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. हँडसेटही महाग. आयात शुल्क आणि विक्रीकर धरून बिलाचा फोन आणि बिनबिलाचा फोन यांच्या किमतीत एवढी तफावत असायची, की शहाणा माणूस मुंबईत मनीष मार्केट किंवा दिल्लीत गफ्फार मार्केट गाठायचा. म्हणजे बघा, त्या काळातला विक्रीचा अधिकृत आकडा जन्माच्या नोंदीपुरताही पुरा नव्हता. निम्मी बाळंतपणं घरीच!

पण बिनबिलाच्या फोनलाही चार्जर लागतोच. तो बिघडला की मालक चारचौघांसारखा कोपऱ्यावरच्या दुकानात येतो. सरकारी कागदावर नसलेला फोन दुकानाच्या हूकवर मात्र दिसतो तो असा.

माझ्या मामाचं सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी असंच एक दुकान आहे. नव्वदच्या दशकात ते एसटीडी-पीसीओ होतं. १ मे २००३ पासून इनकमिंगचे पैसे बंद झाले आणि लोकांनी धडाधड मोबाईल घेतले. तेव्हा मामाने बूथच्या काचेच्या खोलीत रिचार्ज आणि रिपेअरिंग सुरू केलं. शाळेच्या सुट्टीत मी तिथे बसायचो. भिंतीवर दोन प्रकारचे नोकिया चार्जर टांगलेले असायचे, 'जाड पिन' आणि 'बारीक पिन'. २००५ च्या सुमारास नोकियाने साडेतीन मिलिमीटरची पिन सोडून दोन मिलिमीटरची पिन आणायला सुरुवात केली. नवे फोन बारीक पिनचे. तरी पुढची कितीतरी वर्षं मामाकडे जाड पिन खपत होती. एकदा मी विचारलं, "मामा, जाड पिनचे फोन आता कमीच विकले जात असतील ना? मग एवढा माल कशाला भरतोस?"

"अरे, खपतो तो फोन वेगळा आणि चालतो तो वेगळा," मामा म्हणाला. "पोरगा नवा घेतो. जुना आईकडे जातो. आईचा चार्जर माझ्याकडनं जातो."

या एका वाक्यात मार्केट रिसर्चचं एक अख्खं प्रकरण आहे. फोनची विक्री एकदाच झाली, मुलाच्या नावावर. नंतर तो फोन आईकडे गेला, तिच्याकडून शेतावरच्या गड्याकडे गेला. यातल्या एकाही हस्तांतराची पावती नाही. दाखला आहे तो फक्त चार्जरच्या आणि बॅटरीच्या विक्रीत.

आता थोडं गणित, घाबरू नका. जॉन लिटल नावाच्या प्राध्यापकाने १९६१ मध्ये एका नियमाची सिद्धता दिली. सर्व्हरच्या रांगेचा हिशोब करताना आपण तो वापरतोच. नियम साधा आहे: आत असलेल्यांची संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा सरासरी काळ. हॉटेलात तासाला ३० माणसं येत असतील आणि प्रत्येक जण सरासरी अर्धा तास बसत असेल, तर कुठल्याही क्षणी आत साधारण १५ माणसं असणार. बॅटरीला हेच लावा. समजा, गावात महिन्याला १०० बॅटऱ्या विकल्या जातात आणि एक बॅटरी सरासरी २४ महिने टिकते. म्हणजे गावात २,४०० फोन विकत घेतलेल्या बॅटरीवर चालू आहेत. कंपनीने दिलेली पहिलीच बॅटरी चालू असलेले फोन यात धरलेलेच नाहीत. ते वेगळे.

पण याच गणितात एक खड्डा आहे. बॅटरी डुप्लिकेट असेल आणि आठच महिने टिकत असेल, तर त्याच १०० बॅटऱ्यांमागे फोन फक्त ८००. म्हणजे माल जितका रद्दी तितका खप जास्त, आणि बघणाऱ्याला वाटतं फोन फारच लोकप्रिय! खपाच्या आकड्याबरोबर 'गिऱ्हाईक किती महिन्यांनी परत येतं' हे विचारलं नाही, तर अंदाज तिप्पट चुकू शकतो.

बॅटरीचा विषय निघाला की बीएल-५सी चं नाव घ्यावंच लागतं. छोटी, चौकोनी, ३.७ व्होल्टची. ११०० मध्ये हीच, ६६०० मध्ये हीच, एन७० मध्येही हीच. हजार-बाराशेचा फोन असो की साहेबाचा महागडा फोन, आत बॅटरी एकच. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने जाहीर केलं, की मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्या चार्जिंग करताना जास्त तापू शकतात, त्या बदलून देऊ. जगभरात अशा शंभरेक घटना नोंदल्या गेल्या होत्या. पण आपल्याकडे 'बॅटरी फुटते' म्हणून अशी बातमी पसरली की नोकियाच्या सर्व्हिस सेंटरांसमोर गर्दी लोटली. बॅटरीच्या मागचा २६ अक्षरांचा नंबर वाचून दाखवायचा आणि आपली त्यातली आहे का ते बघायचं.

माझ्या दृष्टीने ही भारतातली मोबाईलची पहिली उत्स्फूर्त जनगणना होती. तो फोन कुणाच्या नावावर विकला गेला, बिलाचा की बिनबिलाचा, याच्याशी त्या रांगेला काही देणंघेणं नव्हतं. ज्याच्या खिशात आज जिवंत फोन आहे तो तिथे उभा होता.

दुसरी मोजणी झाली २००९ मध्ये. प्रत्येक मोबाईलला आयएमईआय हा ओळख क्रमांक असतो. स्वस्तातल्या अनेक चायना फोनांना तो नव्हताच, किंवा हजारो फोनांना मिळून एकच होता. सुरक्षेच्या कारणावरून असे फोन १ डिसेंबर २००९ पासून बंद करायचं ठरलं. त्या वेळी अशा फोनांचा अंदाज अडीच कोटींच्या आसपास सांगितला जात होता. अडीच कोटी! एवढे फोन कुठल्याही नामांकित कंपनीच्या विक्रीत नव्हते, आणि तरी लोक त्यांवर बोलत होते, गाणी ऐकत होते. यातल्या कितीतरी फोनांत बॅटरी कुठली? बीएल-५सी च्याच मापाची. फोनला पत्ता नव्हता, पण बॅटरीचं माप ओळखीचं होतं.

कनेक्शनच्या आकड्यांचं तरी काय? एकाच फोनमध्ये दोन सिम, ऑफर संपली की फेकून दिलेलं तिसरं सिम. ट्रायने पुढे एकूण कनेक्शन आणि प्रत्यक्ष नेटवर्कवर दिसणारी कनेक्शन असे दोन आकडे द्यायला सुरुवात केली, तेव्हा २०१० च्या सुमारास एकूण आकड्याचा चौथा हिस्सा तरी झोपलेला निघाला. म्हणजे ट्रायनेही शेवटी हयातीचा दाखलाच मागितला.

मात्र सगळ्या अ‍ॅक्सेसरी एकच गोष्ट सांगत नाहीत. कव्हर फोन घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात विकलं जातं, त्यामुळे कव्हरवरून कळतं नवं काय आलंय ते. चार्जर वर्ष-दीड वर्षात बिघडतो. बॅटरी दोन-तीन वर्षांनी फुगते. म्हणून कव्हरची भिंत म्हणजे फोनांची बालवाडी आणि बॅटरीचा ड्रॉवर म्हणजे ज्येष्ठ नागरिक संघ. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला की घोटाळा झालाच म्हणून समजा. शिवाय कव्हर म्हणजे कधीकधी निव्वळ जुगार. २०११ मध्ये नवा आयफोन वेगळ्या आकाराचा येणार अशा अफवेवर काही कंपन्यांनी आधीच कव्हरं बनवून ठेवली. ऑक्टोबरात आला ४एस, आकाराला जवळपास जुन्यासारखाच. कव्हरं तयार, फोनच नाही!

गेल्या काही वर्षांत ही मोजपट्टी बोथट होत गेली आहे. बॅटरी फोनच्या आत चिकटवून टाकली. २०२० मध्ये अ‍ॅपलने डब्यातून चार्जर काढून घेतला आणि बाकीचेही काही त्या वाटेने गेले, म्हणजे आता फोन जास्त न खपताही चार्जर जास्त खपतात. युरोपने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना यूएसबी-सी सक्तीचं केलं. ग्राहकाच्या दृष्टीने उत्तमच, पण आता चार्जर बघून फोन ओळखायची सोय गेली. आणि बीएल-५सी? ती तर एफएम रेडिओत आणि ब्लूटूथ स्पीकरमध्ये जाऊन बसली. तिचा खप म्हणजे फोनचा खप असं आता डोळे मिटून म्हणता येत नाही. दुकानदाराला विचारावं लागतं, "फोनला नेली का रेडिओला?"

एवढं सगळं कशासाठी सांगतोय? मध्यंतरी आमच्या टीमकडे एक काम होतं, दूध संकलनाचं. शेतकऱ्याने डेअरीत दूध घातलं की लिटर, फॅट आणि रक्कम त्याला एसएमएसने जाते. एसएमएसला पैसे पडतात. मीटिंगमध्ये स्लाइड आली: नव्या विक्रीत स्मार्टफोनच सगळीकडे, साधे फोन घसरणीला, सबब एसएमएस बंद करून सगळं अ‍ॅपवर न्यावं. आकडे बरोबरच होते. पण ते जन्माचे आकडे होते.

मी मामाला फोन लावला. साध्या फोनच्या बॅटऱ्या महिन्याला किती जातात, रेडिओवाल्या सोडून? "चाळीसेक," मामा म्हणाला, "आणि माणूस दीड वर्षाने परत येतो." चाळीस गुणिले अठरा म्हणजे ७२०. एका गावातल्या एका दुकानाच्या जोरावर सातशेवीस साधे फोन जिवंत. नेतं कोण? तर बहुतेक बायका आणि म्हातारी माणसं. आणि पहाटे धार काढून डेअरीत किटली घेऊन जाणारं माणूस कोण असतं, हे गावाकडच्या कुणालाही विचारा.

हा काही शास्त्रशुद्ध सर्व्हे नव्हे, हे मी मीटिंगमध्येही सांगितलं. पण मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे आणलं, तेव्हा देशातल्या अशा फोनधारकांचा आकडा ४० कोटींच्या वर सांगितला होता. एवढी माणसं काही दोन-चार वर्षांत हवेत विरत नाहीत. शेवटी ठरलं असं, की अ‍ॅप येऊ दे, पण एसएमएस वर्षभर चालू ठेवायचा आणि बंद करण्याआधी डेअरीवर उभं राहून हातातले फोन मोजायचे.

आपल्या हापिसात दर महिन्याला कुणीतरी ग्राफ दाखवून म्हणतं, 'हे आता कुणी वापरत नाही.' पुढच्या वेळी तो ग्राफ विक्रीचा आहे की वापराचा, एवढं विचारून बघा. उत्तर आलं नाही, तर जवळच्या रिपेअरिंगच्या दुकानात जाऊन बॅटरीचा ड्रॉवर उघडायला सांगा. ज्या खणातला माल तळाला गेलाय, ते फोन चालू आहेत.