आबांचा चाकू आणि चार इंचांचा इतिहास

मंडळी, मागच्या महिन्यात आमच्या घराण्यातली एक ऐतिहासिक वस्तू कचऱ्यात गेली. आबांचा चाकू. लाकडी मुठीचा, घडीचा, बोटभर पात्याचा. सीताफळाची कलमं करायला आबा तो वापरायचे. मांजरसुंब्याहून पुण्याला निघताना त्यांनी तो माझ्या हातात ठेवला, मी तो लॅपटॉपच्या बॅगेत टाकला आणि विसरून गेलो. एसटीत कोणी विचारलं नाही. दोन आठवड्यांनी ऑफिसच्या कामासाठी एका विमानतळावर गेलो तेव्हा मशीनने विचारलं.

"सर, हे जाणार नाही." बॅग आधीच चेक-इन करायची होती, आता उशीर झालेला. चाकू पेटीत टाकला. चूक माझीच, त्या जवानाची काहीच नाही. पण विमानात बसल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला. हा नियम आला कुठून? आणि एसटीत जो चाकू शेतीचं अवजार होता, तो विमानतळावर हत्यार कसा झाला? वीकेंडला बसून थोडं खणलं. त्यातून जे निघालं ते असं...

आधी कायदा. १८७८ चा इंग्रजांचा आर्म्स ॲक्ट म्हणजे नेटिव्ह माणसाच्या हातात हत्यार नको, हा सरळ हिशोब. स्वातंत्र्यानंतर त्याच्या जागी १९५९ चा कायदा आला आणि १९६२ चे नियम. २०१६ पर्यंत लागू असलेल्या त्या नियमांत धारदार हत्यारांचा एक वर्ग होता. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं असेल तर ते त्या वर्गात. पण पुढची ओळ महत्त्वाची. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली वस्तू यातून वगळली होती.

म्हणजे कायदा फक्त माप घेत नाही, "कशासाठी?" असंही विचारतो. ही सूट नसती तर आमचा अर्धा जिल्हा आरोपी झाला असता! दसरा-दिवाळी झाली की मांजरसुंब्याच्या चौकातून ऊसतोड मजुरांचे ट्रक आणि ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राकडे जाताना दिसतात. भांडीकुंडी, पोरंबाळं, कधी शेळीसुद्धा, आणि कोयते. बरेचसे कोयते वरच्या मापात मावायचे नाहीत. आमच्याकडे तर नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात, मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. बीडमध्ये कोयता म्हणजे एक संसार. आणि पुण्यात? २०२२-२३ पासून पेपरात 'कोयता गँग' हा शब्द इतक्यांदा आलाय की ऑफिसात कोयता म्हटलं की लोक दचकतात. लोखंड तेच, गाव बदललं की अर्थ बदलतो.

आता विमानांकडे वळू. एके काळी विमानातही एसटीसारखंच चढता यायचं. साठ-सत्तरच्या दशकात अपहरणांची साथ आली आणि अमेरिकेत ५ जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची तपासणी सुरू झाली. आपल्याकडे ३० जानेवारी १९७१ ला इंडियन एअरलाइन्सचं 'गंगा' हे विमान लाहोरला पळवलं, तेही खेळण्यातलं पिस्तूल दाखवून! २९ सप्टेंबर १९८१ ला दिल्लीहून निघालेलं विमान पाच जणांनी कृपाणं दाखवून पुन्हा लाहोरलाच नेलं. १९८२ मध्ये अपहरणविरोधी कायदा आला. जून १९८५ मध्ये कनिष्क विमान बॉम्बने पडलं, त्यानंतर १९८७ मध्ये नागरी विमान सुरक्षा ब्युरो स्वतंत्र खातं झालं. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून आयसी-८१४ पळवलं गेलं, त्यात एका प्रवाशाचा चाकूने जीव घेतला. लगेच फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून विमानतळं सीआयएसएफकडे जायला लागली.

पॅटर्न दिसला ना? आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनमध्ये काहीतरी फुटलं की एक पॅच. प्रत्येक नियमामागे एक तारीख आहे आणि बहुतेक तारखांमागे मेलेली माणसं.

सगळ्यात मोठा पॅच ११ सप्टेंबर २००१ चा. त्याआधी अमेरिकेत ४ इंचांपेक्षा लहान पात्याचा चाकू विमानात नेता यायचा. म्हणजे आबांचा चाकू तेव्हा आरामात गेला असता. अपहरणकर्त्यांनी वापरलेले छोटे चाकू याच फटीत बसत होते. त्यानंतर जगभर खिसे रिकामे झाले. स्विस चाकू बनवणाऱ्या व्हिक्टोरिनॉक्सची चाकूंची विक्री ३० टक्क्यांहून जास्त घसरली, कारण त्यांचं मोठं गिऱ्हाईक विमानतळावरच्या दुकानांत होतं. १८९७ पासून लोक खिशात बाळगत असलेली वस्तू एका दिवसात संशयित झाली.

मग कॉकपिटची दारं मजबूत झाली, छोट्या चाकूने विमान पळवणं जवळपास अशक्य झालं. म्हणून मार्च २०१३ मध्ये अमेरिकेच्या टीएसएने जाहीर केलं, ६ सेंटीमीटरपर्यंतचे चाकू चालतील. लॉजिक बरोबर होतं. पण केबिन क्रू भडकले. दार कॉकपिटला आहे, आम्हाला कुठे आहे? जूनमध्ये निर्णय मागे घेतला. आधी मी यावर हसणार होतो. नंतर वाटलं, दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्या प्रवाशासमोर उभी राहणारी ती मुलगी बरोबरच बोलतेय. युरोपात मात्र ६ सेंटीमीटरपर्यंतचं पातं आजही चालतं. आपल्याकडे हातातल्या बॅगेत चाकू नाही म्हणजे नाही.

अपवाद एकच. देशांतर्गत विमानात शीख प्रवाशाला कृपाण चालतं, पातं ६ इंचांपर्यंत आणि एकूण लांबी ९ इंचांपर्यंत. मागे घटनेचं २५ वं कलम आहे. आपल्या मराठवाड्यातलं नांदेड, तिथलं हजूर साहिब, त्यामुळे ही गोष्ट आम्हाला परकी नाही. पण गंमत बघा, इथे पुन्हा तोच जुना प्रश्न येतो, "कशासाठी?"

माझ्या मते सगळी मेख इथे आहे. एक्स-रे मशीनला घनता आणि आकार कळतो, हेतू कळत नाही. दिवसाला हजारो बॅगा बघणाऱ्या जवानानेही प्रत्येकाला हेतू विचारत बसणं शक्य नाही, आणि विचारला तर कोणाच्या उत्तरावर विश्वास ठेवला जाईल? लॅपटॉपवाल्याच्या की धोतरवाल्याच्या? सगळ्यांना सरसकट 'नाही' हा नियम आडमुठा आहे, पण त्यात निदान चेहरा बघून निवाडा होत नाही. मला खरी भीती उलट दिशेची वाटते. विमानाचा नियम मेट्रोत आला (दिल्ली मेट्रोत २००७ पासून सीआयएसएफच आहे), १७ सप्टेंबर २०२५ पासून बीडलाही रेल्वे आलीये. उद्या तीच यंत्रं एसटी स्टँडवर आली तर कोयता घेऊन निघालेल्या जोडप्याने आपला संसार कुठल्या पेटीत टाकायचा?

असो. घरी फोन करून चाकू गेल्याचं सांगितलं. वाटलं आबा चिडतील. ते म्हणाले, "जाऊ दे रे. विमानात तुला कुठं कलम करायचं होतं?"

दिवाळीला गेलो तेव्हा बीडच्या बाजारातून नवीन आणून दिला. तो मात्र मांजरसुंब्यातच राहणार आहे.