पेट्रोलच्या वाफेची बखर

पनवेल-पुणे वाटेचा इतिहास सांगणारे बहुधा घोडे, पालख्या आणि तोफा यांच्यापासून आरंभ करतात. मला मात्र या वाटेवरच्या एका अदृश्य प्रवाशाची हकीकत सांगायची आहे. तो ना कोणाला दिसला, ना कोणी त्याचे पोवाडे गायिले. पण मोटार आली तेव्हापासून तो तिच्याबरोबर घाट चढतो आहे, आणि मनात आले की तिला अडवून उभी करतो आहे. हा प्रवासी म्हणजे पेट्रोलची वाफ.

आगगाडीपूर्वीच्या काळी मुंबईचा माणूस पुण्यास निघाला की मचव्यातून खाडी ओलांडून पनवेलच्या बंदरात उतरे आणि तेथून घाटाची वाट धरी. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, १८३० साली, बोरघाटातला रस्ता चाकांच्या गाड्यांसाठी खुला झाला. पुढे त्याच रस्त्यावरून मोटारी धावू लागल्या. बैलाला दम लागला की तो जसा घाटात थबके, तशी मोटारही थबकू लागली. बैलाचा दम डोळ्यांना दिसे. मोटारीचा कोठे अडकला ते मात्र शोधावे लागे.

पेट्रोल हा एकजिनसी पदार्थ नव्हे. त्यात नाना तऱ्हेचे घटक असतात. त्यांतले काही ३५ ते ४० अंशांच्या उष्णतेलाच उडू लागतात, तर काहींना उकळायला २०० अंशांच्या आसपास जावे लागते. कोकणातल्या वैशाखात ३५ अंशांचे नावीन्य ते काय! चढणीवर इंजिन तापले की त्याला चिकटून बसलेला पेट्रोलचा पंपही तापे, नळीतल्या पेट्रोलची वाफ होई, आणि द्रव ओढण्यासाठी घडवलेला तो पंप वाफेपुढे हात टेकी. टाकीत पेट्रोल भरपूर, पण इंजिनाला थेंब मिळत नाही, अशी ती तऱ्हा. चालक याला ‘लॉक झाली’ म्हणत.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० बाहेर पडू लागली. तिचीच पुढची पिढी म्हणजे पद्मिनी. माझ्या मामांची अशीच एक टॅक्सी होती. घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापाशी ते गाडी थांबवीत, देवाला नाणे वाहत, आणि मग बॉनेट उघडून पंपावर ओले फडके घालीत. देवाची कृपा कोणती आणि फडक्याची कोणती, असे मी लहानपणी विचारले, तेव्हा मामा म्हणाले, “देव वाट दाखवतो रे, फडकं वाफेचं पाणी करतं.” शब्द शास्त्रशुद्ध नव्हते, परंतु निदान अचूक होते. नळी थंड झाली की वाफ पुन्हा द्रवरूप होई आणि गाडी मार्गस्थ होई.

त्या काळी वाफ घाटात अडवी, तशी टाकीच्या झाकणाच्या बारीक छिद्रातून खुशाल हवेतही जाई. त्यात कोणाला वावगे वाटत नसे. ते वावगे आहे हे सांगणारा माणूस हजारो मैलांवर निघाला. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरावर ऊन असतानाही डोळे चुरचुरविणारे धुके पसरे. आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत दाखवून दिले, की पेट्रोलच्या वाफा आणि मोटारींचा धूर यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे विष तयार होते. तेव्हा वाफेला मोकळे सोडून चालणार नव्हते. १९७० च्या नव्या मोटारींपासून कॅलिफोर्नियात आणि पुढच्या वर्षापासून साऱ्या अमेरिकेत वाफ कोंडून ठेवण्याची सक्ती झाली.

कोंडायची कशात? तर कोळशाच्या डब्यात. हा कोळसा शेगडीतला नव्हे. लाकूड, दगडी कोळसा किंवा आपली नारळाची करवंटी यांवर विशेष प्रक्रिया करून तो बनवितात. त्याला इतकी सूक्ष्म छिद्रे असतात, की एका ग्रॅममधल्या साऱ्या भिंती उलगडून पसरल्या तर सुमारे १००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे जागा व्यापतील. चिमूटभर कोळशात दहा गुंठे! तेवढ्या जागेवर वाफेचे कण चिकटून बसतात. मग इंजिन नीट तापून चालू लागले की एक विजेची झडप उघडते, इंजिन आपल्या ओढीने ती वाफ ताज्या हवेबरोबर शोषून घेते आणि जाळून टाकते. या झडपेला ‘पर्ज व्हॉल्व्ह’ म्हणतात. पूर्वी जे हवेत दवडले जाई ते आता कामी येऊ लागले.

आपल्याकडे १९९५ च्या एप्रिलात चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले. २००० नंतर धुराचे नियम पायरीपायरीने कडक झाले. २०१७ साली ‘भारत स्टेज ४’ आणि २०२० साली ‘भारत स्टेज ६’ साऱ्या देशाला लागू झाले. या काळात कार्बोरेटर गेला, पेट्रोलचा पंप टाकीत जाऊन बसला, आणि घाटातले ओले फडके इतिहासजमा झाले. लोकांना वाटले, वाफेची कटकट मिटली. पण ती मिटली नव्हती. घाट सोडून ती पेट्रोलपंपावर येऊन उभी राहिली होती.

आमच्या सुकापुरात शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. सारी आळी त्यांना काका म्हणते. काकूंना आठवड्यातून दोनदा पनवेलच्या दवाखान्यात न्यावे लागते, म्हणून त्यांनी साठवलेल्या पैशांतून आठ वर्षे वापरलेली एक मोटार घेतली. गाडी गुणी, मात्र पेट्रोल भरले की सुरू होताना कुरकुरे, आचके देई आणि पंपाच्या तोंडाशीच बंद पडे. एकदा ती माथेरान रोडच्या वळणावर, मागे डंपर असताना बंद पडली. काकू आत बसलेल्या होत्या. काकांचा धीर सुटला. ते तडक पंपावर गेले आणि पेट्रोल घालणाऱ्या मुलाला चारचौघांत म्हणाले, “पाणी मिसळता तुम्ही!” हा मुलगा माझ्या शाळेतून शिकून गेलेला. मालकाने त्याला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितले. त्याच्या घरी मिळवता तो एकटाच.

काकांचा संशय निराधार होता असे मी म्हणणार नाही. रेशनचे स्वस्त रॉकेल ओळखू यावे म्हणून त्याला निळा रंग देत, तरी ते इंधनात मिसळले जाई. मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ असा गैरप्रकार पकडायला गेले असता २५ जानेवारी २०११ रोजी जिवंत जाळण्यात आले. ज्या महाराष्ट्राने हे पाहिले, त्याच्या मनात पंपाविषयी किंतु राहणारच. त्यात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले. इथेनॉल पाणी धरून ठेवते, आणि पाण्याचे प्रमाण फार झाले तर दोघे मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. म्हणजे संशयाला जागा आणखी वाढली. परंतु संशयाला जागा असणे निराळे आणि पुरावा असणे निराळे.

त्या मुलाची आई माझ्याकडे आली, तेव्हा मी काकांना घेऊन एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. फियाटच्या काळात ज्यांचे हात काळे झाले, त्यांपैकी ते एक. स्कॅनर लावून पाहिला. तो काही बोलेना. मिस्त्री म्हणाले, “यंत्र तार तुटली तर सांगेल. झाकण नीट बसतंय की नाही, हे त्याला दरवेळी कळतंच असं नाही.” मग त्यांनी गाडीला हात न लावता काकांनाच विचारायला सुरुवात केली.

“बंद कधी पडते? टाकी रिकामी होत आली की भरल्यावर?”

“भरल्यावरच.”

“मग पंप कमजोर नाही. तो असता तर टाकीत पेट्रोल कमी असताना नाहीतर गाडी तापल्यावर दगा देता. किती वेळ त्रास देते?”

“चार-पाच मिनिटं. मग घोड्यासारखी पळते.”

“पाणी असतं तर चार मिनिटांत संपलं नसतं, काका. तीच टाकी घेऊन तुम्ही आठवडाभर फिरता ना? शिवाय त्या दिवशी त्याच पंपावर दुसऱ्या कोणाची गाडी बंद पडली का?”

काका गप्प झाले.

“अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला तर तगते?”

“तगते.”

“म्हणजे तिला हवा कमी पडते. वाफ जास्त होतेय.”

पुढचे काम दहा मिनिटांचे होते. थंड इंजिनावरची ती छोटी झडप त्यांनी सोडवली, बाहेरून पुसली आणि तिच्यातून फुंकर मारली. वीज नसताना ती घट्ट मिटलेली असावयास हवी. फुंकर सरळ आरपार गेली. झडप उलटी करून आपटली, तेव्हा तळहातावर कोळशाचे काळे कण पडले.

उलगडा झाला. टाकीत ३० लिटर पेट्रोल ओतले, की तेवढ्याच जागेतली वाफभरली हवा बाहेर रेटली जाते आणि कोळशाच्या डब्याकडे धावते. झडप उघडीच राहिली असेल, तर किल्ली फिरवताच इंजिन हीच वाफ घटाघटा ओढते. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १५ भाग हवा लागते. तो मेळ बिघडतो आणि इंजिन गुदमरते. साठलेली वाफ ओसरली की सारे सुरळीत. मामांच्या टॅक्सीला वाफेमुळे पेट्रोल मिळत नव्हते. काकांच्या गाडीला वाफेमुळे ते जास्त मिळत होते.

आणि ते कण? पंपाच्या तोटीच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते. पेट्रोल तिथवर चढून ते बुजले, की आतला दाब बदलून खटका पडतो आणि धार थांबते. तेथेच थांबावयाचे असते. पण आपल्याला रक्कम पूर्ण करायची असते, टाकी ‘काठोकाठ’ हवी असते. वर वर घातलेले पेट्रोल वाफेच्या नळीतून थेट डब्यात उतरते, कोळसा भिजतो, कालांतराने त्याचा भुगा होतो आणि झडपेत अडकतो. गाडीच्या आधीच्या मालकाची सवय काय होती देव जाणे. काकांची मात्र तीच होती. तो मुलगा दरवेळी “काका, खटका पडला” म्हणे, आणि काका म्हणत, “अजून घाल.”

हे सारे काकांनी स्वतः पंपाच्या मालकाला जाऊन सांगितले. ज्या चारचौघांत आरोप केला होता, तशाच चारचौघांत सांगितले. मुलगा दुसऱ्या दिवशी कामावर रुजू झाला. झडप बदलली, डबा बदलला. काकूंच्या दवाखान्याच्या खेपांत त्यानंतर खंड पडलेला नाही.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. द्रुतगती मार्गावर आता विजेच्या मोटारीही दिसतात. त्यांना ना टाकी, ना वाफ. या बखरीचे शेवटचे पान केव्हातरी लिहिले जाईलच. तोवर, वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत मुलाबाळांसह घाट चढायला निघाल तेव्हा पंपावर दोन गोष्टी करा. शंका आली तर फिल्टर पेपरवर थेंब टाकून दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे, आणि शुद्ध पेट्रोल डाग न ठेवता उडून जाते. आणि खटका पडला की समोरच्या मुलाला म्हणा, “पुरे.”