सनद आणि पंचवीस अक्षरे

दिवाळीच्या फराळाबरोबर संगणकाचे दुखणे वाचायला लावणे म्हणजे लाडवात खडा घालण्यासारखे आहे, हे मी जाणतो. परंतु प्रत्यक्ष कायद्यानेच मला धीर दिला आहे. आपल्याकडे लेखनाच्या स्वामित्वहक्काचा १९५७ चा जो कायदा आहे, त्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि संगणकाच्या प्रोग्रामची गणना ‘वाङ्मयीन कृतीं’त होऊ लागली. कादंबरी, नाटक आणि पत्रे टाइप करण्याचे सॉफ्टवेअर कायद्याच्या दृष्टीने एकाच पंगतीला बसतात! तेव्हा वाङ्मयीन अंकात त्याला एक पाट मांडला, तर संपादकांनी रागावू नये.

मी राहतो कुंभारीस. सोलापूर सोडून अक्कलकोटच्या रस्त्याने निघाले की हे गाव लागते. विडी वळणाऱ्या बायकांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने उभी राहिलेली दहा हजार घरांची वसाहत येथलीच. ती २००६ साली पुरी झाली. पुढे शेजारी रे नगर वसले; त्यातील पहिली १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या हाती आली. दुपारी गल्लीतून चालत गेले, तर उंबरठ्याशी बसलेल्या बायका, मांडीवर सूप, सुपात तेंदूची कातरलेली पाने आणि तंबाखू, आणि बोटे अशी चाललेली की पाहणाऱ्याच्या पापण्या थकाव्यात. निवृत्तीनंतर मला एक छंद जडला. ह्या बायकांच्या आठवणी ऐकायच्या आणि संध्याकाळी आमच्या लहानशा वाचनालयातल्या संगणकावर उतरवून ठेवायच्या. तेलुगूमिश्रित मराठीत त्या सांगत आणि मी लिहीत असे. सांगणाऱ्यांपैकी चौघीजणी आज हयात नाहीत.

वैशाखात वळवाचा पाऊस झाला, वीज कडाडली, आणि वाचनालयाचा संगणक कायमचा मुका झाला. दुरुस्तीला आलेल्या मुलाने आतली पाटी जळाल्याचे सांगितले. मात्र लिहिलेले सगळे ज्या तबकडीत असते, ती शाबूत होती. माझा जीव भांड्यात पडला. नव्या यंत्रात तबकडी बसवली. कागद होते, पण ते उघडणारे सॉफ्टवेअर पुन्हा बसवायला हवे होते, आणि ते बसवताना पडद्यावर प्रश्न उमटला: परवान्याची पंचवीस अक्षरे सांगा.

येथे मला आमचा इतिहास आठवला. मराठेशाहीतल्या इनामपत्रांच्या शेवटी एक ठरीव कलम असे. अधिकाऱ्यांना आज्ञा असे की, ह्या इनामदाराकडे दर वर्षी नव्या पत्राची मागणी करू नका. ह्या पत्राची नक्कल दप्तरी लिहून घ्या आणि अस्सल पत्र भोगवट्यासाठी त्याचे त्याला परत द्या. दोन वाक्यांत केवढी समज आहे पाहा! दिलेले ते दिले, आणि पुरावा ज्याचा त्याच्या घरी. पुढे इंग्रजी अमलात, १८५२ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशन बसले आणि पिढ्यान्‌पिढ्या जमीन खाणाऱ्यांना विचारू लागले, सनद दाखवा. कोणाची वाळवीने खाल्लेली, कोणाची आगीत गेलेली. हजारोंची इनामे खालसा झाली. जमीन समोर होती, नांगर चालू होता. फक्त कागद नव्हता.

संगणकाच्या जगात हा सनदेचा मामला तसा अलीकडचा. आरंभी यंत्राबरोबर प्रोग्राम येई, तो जसा बैलगाडीबरोबर जू. १९६९ साली आय.बी.एम. कंपनीने यंत्राची किंमत निराळी आणि प्रोग्रामची निराळी करण्याचे जाहीर केले. मग फेब्रुवारी १९७६ मध्ये वीस वर्षांच्या बिल गेट्स ह्या तरुणाने हौशी संगणकवाल्यांना एक अनावृत पत्र लिहिले. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी ‘अल्टेअर’ यंत्रासाठी तयार केलेली ‘बेसिक’ बहुतेकजण फुकट उतरवून घेत होते. विकत घेणारे दहा टक्क्यांहूनही कमी, अशी त्याची तक्रार होती. पत्राचा सूर करडा होता, पण ज्याने घाम गाळला त्याने मजुरी मागू नये असे मी तरी कोणत्या तोंडाने म्हणू? माझ्या गल्लीत हजार विड्यांच्या मजुरीवरून चुली पेटतात. योगायोग असा, की त्याच १९७६ साली आपल्याकडे विडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. त्या कल्याण योजनांसाठी बायकांना जे ओळखपत्र मिळते, ते त्या जिवापाड जपतात. एका आजींनी मला ते पत्र्याच्या डब्यातून काढून दाखवले होते. डब्यात दुसरे काहीही नव्हते.

२००१ साली ‘ऑफिस एक्सपी’ निघाले, तेव्हापासून नुसती अक्षरे टंकून भागेना. परवाना ह्या यंत्राशी जोडला गेल्याची नोंद कंपनीकडे व्हावी लागे. यंत्राबरोबर जडून आलेला परवाना बहुधा यंत्राबरोबरच सती जातो. सुटा, डबीतून घेतलेला असेल तर नव्या यंत्रावर नेता येतो. आमचा डबीतला होता. पावतीही होती. नव्हते ते पंचवीस अक्षरांचे कार्ड! ते मीच ‘नीट’ ठेवले होते. तीन दिवस कपाटे उपसली. अखेर ते सापडले १९९८ च्या एका दिवाळी अंकात, खूण म्हणून घातलेले.

भिंग घेऊन अक्षरे टंकली. नाकारली. पुन्हा टंकली. पुन्हा नाकारली. ज्याला मी इंग्रजी ‘बी’ समजत होतो तो आठाचा आकडा होता. मग हे तर दुसऱ्या यंत्रावर वापरलेले, म्हणून दूरध्वनी. पडद्यावरचे लांबलचक आकडे मी वाचले, पलीकडच्या आवाजाने तितकेच लांबलचक आकडे मला ऐकवले, आणि एकदाचे दार उघडले. दुरुस्तीवाला मुलगा पहिल्या दिवसापासून म्हणत होता, “काका, लिब्रेऑफिस टाका, फुकट आणि कायदेशीर आहे, तुमच्या फाइली त्यातही उघडतील.” त्याचे खरे होते. पण पैसे मोजलेल्या वस्तूवरचा हक्क मला सिद्ध करायचा होता. इनामदाराचा हट्ट, दुसरे काय.

आणि फाइल उघडली तो काय, मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा! जुन्या मराठी टंकांची ही तऱ्हा होती: आत साठे इंग्रजी सांकेतांक आणि टंक त्याला मराठीचे सोंग देई. टंक गेला की सोंग गेले. युनिकोडने १९९१ मध्येच देवनागरीला स्वतःचे सांकेतांक दिले होते. मी मात्र सवयीने जुन्यालाच धरून बसलो. मूळ चकती होती, तर नव्या यंत्राला चकतीचे तोंडच नाही. शेवटी मुलाने जुन्या तबकडीतला टंकांचा कप्पा उघडून आमचा टंक नव्या जागी ठेवला. १९९४ च्या दुरुस्तीने कायद्यात एक चांगली तरतूद आली आहे: ज्याच्याकडे प्रोग्राम रीतसर आहे, त्याने तो हरवू-बिघडू नये म्हणून राखीव प्रत करून ठेवावी. मराठेशाहीतली ती नक्कल, फक्त ह्या खेपेला ती दप्तरी नव्हे, भोगवटेदाराकडे.

टंक बसला आणि पहिले पान पालटले. त्या डब्यातल्या आजींचे वाक्य होते, अर्धे तेलुगू, अर्धे मराठी. आता रोज दोन पाने युनिकोडमध्ये उतरवतो आहे. पंचवीस अक्षरांच्या तीन नकला केल्या आहेत. प्रत्येकीत आठाचा आकडा अक्षरी लिहिला आहे, आणि एक नक्कल त्या आजींच्या सुनेकडे, पत्र्याच्या डब्यात ठेवली आहे.