सुकून टिकणारे जीव : प्रस्तावना

काशीच्या शिंदे घाटावर पावसाळ्यात गंगा चढते आणि कललेल्या रत्नेश्वर महादेव मंदिराच्या गाभाऱ्यात शिरते. बायजाबाई शिंद्यांनी १८३० मध्ये बांधवलेल्या या घाटाच्या दगडांवर ऐन उन्हाळ्यात मात्र अनवाणी पाय ठेववत नाही. आज बुडालेले, उद्या रखरखीत! सूक्ष्म प्राण्यांचा अभ्यास करू पाहणाऱ्याने अशी ठिकाणे हेरायला शिकावे, कारण भिंतीवरच्या शेवाळात राहणाऱ्या टार्डिग्रेड आणि रोटिफर यांच्यापुढे जगभर हाच पेच असतो.

टार्डिग्रेड जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब. पाणी आटू लागले की तो नखे असलेले आठही पाय आत ओढून घेतो, आक्रसतो आणि पिंपाच्या आकाराची गोळी होतो. अंगात दोन-तीन टक्के पाणी उरते, चयापचय जवळपास थांबतो. पुन्हा ओल मिळाली की पाय एकेक करून बाहेर येतात. छपराच्या पन्हळीतला सुका गाळ भिजवून डच सूक्ष्मदर्शक-निरीक्षक लेव्हेनहूकने १७०२ मध्ये असेच जागे होणारे रोटिफर पाहिले होते. सैबेरियाच्या गोठलेल्या मातीत २४,००० वर्षे पडून राहिलेले रोटिफर जागे झाल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

अशा बातम्यांमुळे या प्राण्यांना सरसकट अजिंक्य म्हटले जाते, ते मला मान्य नाही. डेन्मार्कमधल्या पन्हळींतून गोळा केलेल्या टार्डिग्रेडवरचा २०२० चा अभ्यास पाहा. उष्णतेची सवय नसलेले, हालते-फिरते प्राणी ३७.१ अंश सेल्सिअसला २४ तासांत निम्मे मेले. सुकलेल्यांपैकी निम्मे मरायला तासभर ८२.७ अंश लागले. काशीच्या वैशाखात नुसती हवाच ४० अंशांपुढे जाते. म्हणजे ओला असेपर्यंत हा जीव नाजूकच. त्याचे सारे बळ वेळेवर सुकण्यात आहे.

सुकताना पेशी चुरगळून का जात नाहीत, हे या विषयाचे खरे मर्म. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या कवचधारी प्राण्याच्या भ्रूणांत ट्रेहॅलोज ही साखर पाण्याची जागा सांभाळते. पण बडेलॉइड गटातल्या रोटिफरांत ती सापडत नाही, आणि काही टार्डिग्रेड स्वतःच्या खास प्रथिनांची काचेसारखी घट्ट चौकट उभारतात. एकाच संकटातून सुटण्याच्या इतक्या निराळ्या वाटा निघाल्या, याचे मला आजही नवल वाटते. लस शीतपेटीशिवाय टिकवण्याचे प्रयत्न याच ज्ञानावर उभे आहेत.

या प्राण्यांच्या अभ्यासासाठी परदेशीच जायला हवे असे नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आवारातल्या भिंतीवरच्या शेवाळात सापडलेला पॅरामॅक्रोबायोटस हा टार्डिग्रेड अतिनील किरणे शोषून निळा प्रकाश सोडतो आणि जंतूंना मारणाऱ्या मात्रेतही तगतो, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. २०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांच्या मोहिमेत टार्डिग्रेड अंतराळ स्थानकावरही गेले. तुम्ही सुरुवात घराच्या कुंपणापासून करा: सुके शेवाळ बशीत रात्रभर पावसाच्या पाण्यात भिजवा, सकाळी पिळा, आणि खाली बसलेला गाळ साध्या सूक्ष्मदर्शकाखाली चाळीसपट मोठा करून पाहा. पहिल्या बशीत काही दिसले नाही, तर दुसऱ्या भिंतीवरचे शेवाळ घ्या.